शिमोनची चाल

त्या दिवशी सकाळपासून हालनी सुटला होता. तात्रा डोंगराच्या कड्यांवरून खाली उतरणारा हा वारा गरम असतो. भर फेब्रुवारीत सुटला तरी दोन तासांत छपरांवरचं बर्फ पाणी होऊन ओघळायला लागतं. कुत्री विनाकारण भुंकतात, गाई पान्हा चोरतात, माणसांची डोकी ठणकतात आणि ज्याला त्याला शेजाऱ्याचा संशय येतो. आमच्या गावात हालनीच्या दिवशी कोणी सोयरीक जमवत नाही.

नेमकं त्याच दिवशी मला माळ्यावरून खाली काढलं.

मी टेप रेकॉर्डर बोलतोय. रिळांचा, जुना, उचलताना माणसाची कंबर धरावी असा. मला लिहिता-वाचता येत नाही. ऐकता येतं, आणि ऐकलेलं जसंच्या तसं परत सांगता येतं. त्यात माझी काही हुशारी नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आता नीट आठवत नाही. आठवतं ते क्राकूवच्या बाईंपासूनचं. त्या डोंगरातली जुनी गाणी गोळा करत फिरायच्या. बैलगाडीतून, घसरगाडीवरून, कधी स्वतःच्या पाठीवरून मला घरोघरी न्यायच्या. पण मी टेबलावर बसलो की घर एकदम गप्प व्हायचं. म्हाताऱ्या बायका छातीवर क्रूस काढायच्या. एकजण हात मागे बांधून माझ्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "बाई, हे पुढं कोणाला ऐकवणार? मिलिशियाच्या पोलिसांना?" दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं तीन दिवस व्हायोलिन वाजवलं. बाई निघाल्यावर तो बायकोला हळूच म्हणाला, "खरी चाल घरात ठेवलीय. ह्यांच्या पेटीत घातलीय ती उष्टी." मी बंद होतो, पण बहिरा नव्हतो.

तेव्हापासून मीही संशयी झालो. समोर कोणी व्हायोलिनचा गज उचलला की मला आधी वाटायचं, ही खरी की उष्टी?

एकोणीसशे त्रेसष्टच्या ऑगस्टमध्ये आम्ही ह्या गावात आलो. तेव्हा वीज रस्त्याच्या खालच्या अंगाच्या घरांतच पोचली होती. वरच्या अंगाला राहणारा शिमोन गावातला पहिल्या व्हायोलिनचा माणूस. त्याच्या घरी दिवा रॉकेलचा. म्हणून तो आणि त्याचा मुलगा वालेंती, ज्याला सगळे वालेक म्हणत, वाद्यं घेऊन खालच्या शेजाऱ्यांकडे आले, आणि तिथल्या स्वयंपाकघरात मी ती फीत भरली. त्या घरचा मुलगा फ्लोरेक वालेकच्याच वयाचा. तो तेव्हा वर कुरणात मेंढ्यांपाशी होता. घरात फक्त त्याची आई, चुलीपाशी, खोकत.

बाप पहिल्या व्हायोलिनवर, मुलगा साथीला. साथीचा माणूस खोलीकडे बघत नाही, त्याची नजर बापाच्या मनगटावर असते. चाल संपली आणि वालेक अभिमानानं बाईंना म्हणाला, "ही आमच्या बाबांची." मग तो घोड्याला पाणी दाखवायला बाहेर गेला.

बाई त्या घरी तीन दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी फ्लोरेक मीठ आणि पीठ न्यायला खाली उतरला. बाईंनी त्याला फीत ऐकवली. तो खांद्यावर पोतं तसंच ठेवून उभा राहिला, शेवटी हसला आणि परत वर निघून गेला. त्या हसण्याचा मला फार दिवस संशय होता.

त्याच वर्षी नाताळाच्या आधी शिमोन गेला. फेब्रुवारीत गावात एक लग्न होतं. आमच्याकडे नाचणारा आधी वाजवणाऱ्यांसमोर येऊन गातो. तो जी चाल गाईल ती त्याच्या तोंडातून उचलायची आणि वाजवायची, मग समोर वैरी असला तरी. फ्लोरेक पुढे आला, टोपी मागे सारली आणि गायला. वालेकनं पहिल्या दोन ओळींत चाल ओळखली.

"काय लावू?" त्यानं विचारलं.

"माझी लाव," फ्लोरेक म्हणाला.

"तुझी? तीन दिवस यंत्र तुझ्या घरात होतं म्हणून तुझी झाली होय रे? चोरा!"

आणि वालेकनं गज खाली ठेवला. गाणारा समोर उभा असताना गज खाली ठेवणं म्हणजे भर मांडवात तोंडावर थुंकणं. फ्लोरेकनं टोपी सरळ केली आणि तो न नाचताच बाहेर गेला. हे मी पाहिलेलं नाही. वालेकच्या तोंडून पन्नासदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी फ्लोरेक थोडा जास्त चोर झालेला असायचा.

पुढच्या वसंतात बाईंना नवं यंत्र मिळालं. त्यांनी मला आणि त्या फितीला वालेककडे आणून दिलं, बापाची आठवण म्हणून. तोवर वरच्या घरांतही वीज आली होती. दर रविवारी आंबट कोबीचं सार पिऊन झालं की तो मला लावायचा. चाल ऐकायचा आणि शेवटचा सूर पुरता विरायच्या आत खटका दाबायचा. माणसांचं हे असंच असतं, वाजायचं थांबलं की ऐकायचं थांबतात. पण ह्याची घाई जरा जास्तच होती. पुढे त्याच्या मुलीनं कॅसेटचं यंत्र आणलं आणि मी माळ्यावर गेलो, कांद्यांच्या वेण्यांशेजारी. तिथंही कानावर येत राहायचं. रस्त्यापलीकडे फ्लोरेक लाकडं फोडायला लागला की अलीकडे वालेक कुऱ्हाड ठेवून द्यायचा. चाळीस वर्षं.

मंगळवारी फ्लोरेक वारला. गुरुवारी, त्या हालनीत, त्याची बायको लुदविना वालेकच्या दारात आली. डोक्यावरचा रुमाल न सोडताच बाकावर बसली.

"वालेक, उद्या दहाला आहे. कबरीपाशी त्याची चाल वाजवायचीय."

"त्याची? कुठली त्याची?"

"सोंग नको करू."

"ती शिमोनची चाल आहे. चोरीच्या चालीवर मी कोणाला मातीत उतरवत नाही."

"अरे, मेंढीसुद्धा एवढं डोक्यात ठेवत नाही."

"मेंढीच्या बापाचं कोणी चोरलेलं नसतं."

"जुन्या तऱ्हेनं वाजवणारा तूच उरलास," लुदविना म्हणाली. "बाकीची पोरं हॉटेलात पाहुण्यांसमोर उड्या मारत वाजवतात. त्यांच्यासमोर त्याला पुरू?"

वालेक उठला. मला वाटतं, त्याला वादच मिटवून टाकायचा होता. "तू ऐक," तो म्हणाला, "माझा बाप कसा वाजवायचा ते तुझ्या कानांनी ऐक. मग परत ती चाल त्याची म्हणून दाखव." तो शिडी चढला, धापा टाकत मला खाली घेऊन आला आणि टेबलावर ठेवलं. बाह्यांनी धूळ पुसली.

माझी रबरं वाळलेली, आतलं तेल घट्ट झालेलं. भीती वाटत होती, फीत तुटली तर? पण फिरलो. आधी घरघर, मग शिमोनचा बूट जमिनीवर आपटला, आणि दोन व्हायोलिनं लागली. लुदविना खाली मान घालून ऐकत होती. वालेक तिच्याकडे रोखून बघत होता, पोलीस बघतो तसा.

चाल संपली. त्याचा हात खटक्याकडे आला.

"थांब! हात काढ!" लुदविना ओरडली. "त्या माझ्या सासूबाई आहेत, खोकतायत बघ! आणि हे झाकण, ऐकलंस? आमच्या मोठ्या पातेल्याचं. मेलं कधी नीट बसलंच नाही. वालेक, चालू दे, पाया पडते तुझ्या."

त्याचा हात हवेतच राहिला. फितीतून त्याचाच तरणा आवाज आला, "ही आमच्या बाबांची," आणि दार करकरलं, तो स्वतःच तेव्हा बाहेर चालला होता. मग शिमोनचा आवाज आला.

"बाई, वहीत माझं नाव नका घालू. चाल ह्या घरच्या पोराची, फ्लोरेकची. वर कुरणात बांधलीय त्यानं. मी त्याच्याकडनं उचलली."

"पण तुमचा मुलगा म्हणाला..."

"त्याला तसंच वाटतं. दोघांचं पटत नाही. कळलं तर गज टाकून देईल. सांगेन मी त्याला. बर्फ पडायच्या आत सांगेन."

मग पातेल्यात चमचा फिरला, म्हातारी पुन्हा खोकली, आणि फीत संपली. तिचं शेपूट फटफट आपटत राहिलं. बंद करायला कोणी उठलं नाही.

"त्याला ठाऊक होतं?" वालेकनं विचारलं.

"चाल त्याची. त्याला ठाऊक नसेल?"

"मग लग्नात बोलला का नाही?"

"तुझ्या बापाला पुरून दोन महिने झाले होते. मेलेल्या माणसाला चोर म्हणायचं, ते पण भर मांडवात?"

वालेकनं खटका दाबला. किती हळू दाबला!

फ्लोरेकच्या हसण्याचा माझा संशय त्या दिवशी फिटला. पण एक राहिलाय, तो जात नाही. फितीवर दार करकरल्याचा आवाज आहे. मागून ते लागून कडी पडल्याचा नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलंय, नाहीच. आणि वालेकनं "हे खरं का?" असं विचारलं नाही, "त्याला ठाऊक होतं?" असं विचारलं. दर रविवारी शेवटच्या सुराआधीच धावणारा तो हात मला आठवतो. मी म्हातारा आहे, चुकतही असेन. चुकत असलो तर बरंच.

आता मी खालीच असतो, खिडकीपाशी, झाकणावर धुतलेला कपडा. किती दिवस फिरेन सांगता येत नाही. तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद असेल तर एवढंच मागतो, वाजणं थांबलं की लगेच त्याचा गळा दाबू नका.

त्या गुरुवारी, मला बंद केल्यावर, वालेकनं भिंतीवरचं व्हायोलिन काढलं. एक तार गेलेली होती. मान वर न करता तो नवी तार लावायला बसला. लुदविना दारापर्यंत गेली. बाहेर वारा तसाच होता, दार धरून ठेवायला तिला दोन्ही हात लागले. तिथूनच ती त्याला म्हणाली,

"उद्या दहाला. आणि सावकाश वाजव. तुझा बाप त्यात फार घाई करायचा, फ्लोरेक नेहमी म्हणायचा."