एस्टीने गेलेल्या गोळ्या

"ताई, पट्टी लावून कायले पाहून राह्यली? मोजाले काही हाये काय त्यात?" तिच्या हाताखालचा तंत्रज्ञ भारत म्हणाला.

सत्यभामाने ऐकूनही पुन्हा पट्टी लावली. काचेच्या बशीत सहा चकत्या होत्या, प्रत्येकीत वेगळं औषध. औषध लागू पडणार असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसतं. इथे जंतू चकत्यांना चिकटून वाढले होते. यवतमाळच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं अशा बशा वाचणाऱ्या बाईला पट्टी कशाला हवी? पण बशीवर उर्वशीचं नाव होतं, इथेच वॉर्डात दाखल असलेल्या तिच्या धाकट्या बहिणीचं. निदान एक वर्तुळ दिसावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

"या जंतूंजवळ एन्झाइमच असं हाये," भारत हळूच म्हणाला. "औषध आलं का त्याचे तुकडेच करते. काहून झालं असं?"

सत्यभामाने बशीवर झाकण ठेवलं. उर्वशीला बोरी अरबला दिली तेव्हापासून तिचा फोन यायचा, "ताई, अंग तापलं. येतं काय?" रजा कुठली मिळायला! मग सत्यभामा स्टँडवर जाऊन एस्टीच्या कंडक्टरकडे पुडी द्यायची. भारी अँटिबायोटिक, चारच गोळ्या. दोन गोळ्यांत ताप उतरायचा, उरलेल्या उर्वशी पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायची. सासरी कौतुक व्हायचं, मोठी बहीण म्हणजे घरचीच डॉक्टरीण! सत्यभामालाही ते गोड लागायचं. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, हे ठाऊक असूनही शिकल्यासवरल्या बाईने अक्कल गहाण टाकली होती. तिला जावंसं फार वाटे, पण पुडी पाठवली की गेल्यासारखंच वाटायचं. सगळे जंतू काही त्या पुड्यांनी घडवले नव्हते, हे तिला कळत होतं. पण मनाला कोण समजावणार?

रिपोर्ट घेऊन ती वॉर्डात गेली. डॉक्टर मॅडमनी तो दोनदा वाचला.

"या सहांपलीकडचं एकच औषध उरलंय. ते किडन्यांना जड जातं, आणि हिच्या किडन्या आधीच थकल्यात. तरी देऊन बघू."

उर्वशी जागी होती. बहिणीला पाहून जागा करून द्यायला ती कशीबशी भिंतीकडे सरकली.

"गोळ्या आणल्या काय, ताई?"

"नाही वं. आज मीच आलो."

उर्वशी हसली. "मंग राह्य चार दिवस. तू हायेस तं मले काही नाही होत."

सत्यभामाने चपला काढल्या, पाय खाटेवर घेतले आणि त्या तापलेल्या अंगाला टेकून बसली.