पुठ्ठ्याची बस आणि लाल टिकली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समोर एक लांबलचक टेबल आहे. टेबलावरून रबराचा पट्टा संथपणे सरकतोय आणि पट्ट्यावर बसून बदकं येतायत. लाकडी, पिवळी, पायांच्या जागी चाकं असलेली. तुम्ही एक बदक उचलायचं, उलटं करायचं, चारही चाकं फिरवायची, चोचीवरून अंगठा फिरवायचा, डोळे सरळ आहेत ना ते बघायचं. ठीक असेल तर उजवीकडे ठेवायचं. खोट असेल तर लाल टिकली चिकटवून डावीकडे. पहिली दहा बदकं तपासताना मजा येईल. शंभराव्याला मान अवघडेल. आता दिवसाला दीड हजार बदकं, आणि तीही वर्षभर. उघडा डोळे.

साळुंकीचे बाबा हेच काम करायचे. साळुंकी म्हणजे त्यांची आठ वर्षांची लेक. तोंडाला कुलूप नाही म्हणून तिला घरात पडलेलं नाव. खेळण्यांच्या त्या कारखान्यात बाबांच्या नजरेतून काही सुटत नसे. चाक कुरकुरलं तर न बघताच सांगत, "आस वाकडा आहे." पण शेजारच्या टेबलावरचा जोडीदार नोकरी सोडून गेला आणि त्याचाही पट्टा बाबांच्या गळ्यात पडला. दोन दिवस सांभाळा, असं ठरलं होतं. दोन दिवसांचं वर्ष कधी झालं ते कोणालाच कळलं नाही.

तेव्हापासून बाबा घरी यायचे ते नुसते अंगाने. पूर्वी रविवारी ते मित्रांबरोबर पोहायला जात आणि आल्यावर भलत्याच गाण्यांना भलत्याच चाली लावून साळुंकीला हसवत. आता मित्रांचा फोन आला की "पुढच्या रविवारी बघू" म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. ताप नाही, दुखणं नाही. पण वाढलेलं ताट समोर असावं आणि भूकच मरून जावी, तसं त्यांचं झालं होतं.

एका संध्याकाळी साळुंकीने पुठ्ठ्याची बस केली. औषधाच्या खोक्याचं अंग, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, खिडकीत माणसं. बाबा आल्याआल्या तिने ती त्यांच्या हातात ठेवली आणि उड्या मारत उभी राहिली.

बाबांनी बस उलटी केली. चाकं फिरवली. कडेवरून अंगठा फिरवला. मग खिशातून लाल टिकली काढली, बसच्या टपावर चिकटवली आणि बस डावीकडे ठेवून दिली. हात पुढच्या वस्तूसाठी पसरलेलाच होता.

"नापास झाली का, बाबा?" साळुंकीने विचारलं.

तेव्हा कुठे बाबा भानावर आले. टिकली काढायला गेले तर तिच्याबरोबर पुठ्ठ्याचा वरचा कागदही फाटून आला. साळुंकीने बस उचलली आणि खाटेखाली सारून दिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "अहो, उद्या मला उलटी करून बघू नका म्हणजे झालं." थट्टाच होती, पण पुढची घडी घालायला तिला वेळ लागला.

नंतरचे तीन दिवस साळुंकीने बाबांना काही म्हणजे काही दाखवलं नाही. शाळेतलं चित्र आईला दाखवायची, ढोपरावरचं नवं खरचटलेलं आईला दाखवायची. बाबांच्या मनात येत राहिलं. ही पोर आता माझ्याकडे कधीच काही घेऊन आली नाही तर?

चौथ्या दिवशी ते कारखान्यात, आपल्या विभागाच्या मोठ्या बाईंपुढे जाऊन उभे राहिले आणि बसची गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

बाई म्हणाल्या, "भाऊ, तिरळं बदक आलं की तुम्ही गंमत म्हणून आम्हाला बोलावून दाखवायचात. किती महिने झाले, नाही दाखवलंत. मला कळायला हवं होतं."

"पण पट्ट्याचं काय?"

"बदकांना पंख नाहीत, पळून नाही जात. दोन आठवडे घरी बसा. आल्यावर एकच पट्टा. दुसऱ्याचं माझ्याकडे लागलं."

बाबांना वाटलं, बाहेर पडताच अंगात वारं भरेल. कसलं काय. पाच दिवस ते नुसते झोपले. सहाव्या दिवशी जाग आली, तरी काही करावंसं वाटेना. साळुंकी दारातून वाकून बघत होती. बाबांनी तिला जवळ बोलावलं.

"तुझी बस वाईट नव्हती. माझं डोकं दमलंय गं. मला हल्ली काही आवडतच नाही."

"मी पण नाही?"

"तू आवडतेस. तू आवडतेस हे माहीत आहे, पण ते आतून वर यायला वेळ लागतोय."

साळुंकीने थोडा विचार केला. "मला वाटलं, मीच डावीकडची आहे."

बाबांनी तिला उचलून उजव्या मांडीवर बसवलं. छातीवरचा दगड कोणीतरी जरासा सरकवावा, तसं बाबांना वाटलं. पुरता उतरला नव्हता, पण श्वास लांब जात होता.

मग रोज ती दोघं पाय नेतील तिकडे फिरायला जाऊ लागली. दहाव्या दिवशी, परत येताना, बागेच्या फाटकाशी बाबा एकदम थांबले. आत एक ठिपक्यांचा कुत्रा होता. त्याच्या तोंडात आडवी धरलेली, त्याच्या दुप्पट लांबीची काठी होती. तो ऐटीत फाटकाकडे आला. खट्! काठी दोन्ही खांबांना अडकली. कुत्रा मागे सरकला, त्याने खांबांकडे रागाने बघितलं आणि तो पळत आला. खट्!

बाबांच्या नाकातून आधी एक बारीक आवाज आला. मग खांदे हलले. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून हसायला लागले.

"साळुंके, इकडे बघ, इकडे! हा आता काय करतो बघ."

साळुंकीला भूक लागली होती आणि घर दोन गल्ल्यांवर होतं. "बाबा, चल ना," तिच्या ओठांवर आलंही होतं.

"पाच मिनिटं थांबू या का गं?" बाबांनी विचारलं. "मला बघायचंय."

साळुंकीने खिशातून रुमाल काढला, फाटकाजवळच्या कट्ट्यावरची धूळ झटकली आणि कडेला सरकून बसत बाबांसाठी जागा केली.