अडीच बोटांचं अंतर

नदीन प्रूइटला फुकटची वस्तू कधी पचली नाही. कुणी हसून काही हातात ठेवलं, की तिच्या मनात पहिला प्रश्न यायचा, याला माझ्याकडून काय हवंय? आणि ड्वेन हॉकस्टेटलरने तर तिला चारही चाकांचे शॉकअप दिले होते, वर स्वतः जमिनीवर लोळून बसवूनही दिले होते. मग काय, बाईची झोप उडायचीच की!

नदीन कोकोमो गावात शाळेची बस चालवायची. सव्वीस वर्षं तेच, ताशी पंचवीस मैल, मागे चाळीस पोरांचा कल्ला. एप्रिलमधल्या एका रविवारी ती बंद पडलेल्या मॉलपाशी सहज थांबली. तिथल्या रिकाम्या पार्किंगमध्ये मोटार क्लबवाले नारिंगी शंकू मांडून त्यांच्यामधून एकेक गाडी पळवत होते. शर्यत घड्याळाशी, आणि शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड. पुढच्याच रविवारी नदीन आपली लाल हॅचबॅक घेऊन रांगेत उभी. तिला एकच गोष्ट हवी होती, आयुष्यात एकदा पहिला नंबर. शाळेत कधी आला नाही, गावच्या पाककलेच्या स्पर्धेत आला नाही, आणि नवऱ्याच्या मनात तर कधीच नव्हता, म्हणून तर तो गेला.

साध्या छोट्या गाड्यांच्या एच वर्गात तिच्या पुढे एकच माणूस होता. हा ड्वेन. अडुसष्ट वर्षांचा, दूध डेअरीतून निवृत्त झालेला मेकॅनिक. गाडी तिच्याच मॉडेलची, फक्त करडी आणि तिच्याहून सहा वर्षं जुनी. तरी दर रविवारी त्याची वेळ तिच्यापेक्षा तीन सेकंद कमी यायची. तीन सेकंद म्हणजे या खेळात फार झाले.

मे महिन्यात तिने त्यालाच विचारलं होतं. वळणावर तिची गाडी अशी कलायची की खिडकीतून जमीन दिसावी. इंटरनेटवर रात्र रात्र वाचून तिने गाडी खाली बसवणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगा हेरून ठेवल्या होत्या.

"स्प्रिंगला हात लावू नकोस," ड्वेन म्हणाला. "आपल्या वर्गात मूळच्याच स्प्रिंगा लागतात. बदलल्यास की तू एच वर्गातून बाहेर. वरच्या वर्गातले लोक गाडीतलं आतलं सगळं काढून फेकतात, तिथे तू नुसती धूळ खाशील."

"मग लावू तरी काय?"

"शॉकअप चालतात. खालचा एक आडवा दांडा बदललेला चालतो. बाकी पैसे टायरात घाल आणि गाडी चालवत राहा. शॉकअप माझ्या शेडमध्ये पडलेत, ते घे."

"आणि मी वर्गातून बाहेर गेले, तर तुमचं काय जातं हो?"

ड्वेनने चाकावरचा हात काढला नाही. "माझं जातं," एवढंच म्हणाला आणि पाना फिरवायला लागला.

माझं जातं म्हणजे काय? नदीनने ते दोन शब्द महिनाभर चघळले. शॉकअप पिवळे होते, चकचकीत पुसलेले. वर एक छोटी कळ. ती ड्वेनने मोजून सात टिचक्या फिरवून ठेवली आणि म्हणाला, आता याला हात नको. शेडमध्ये पडलेली वस्तू इतकी स्वच्छ कशी? आणि सातच का? गाडी कलायची कमी झाली हे खरं, पण तीन सेकंदांचे अडीचच झाले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यात गिल पोमरॉय. याचं टायरचं दुकान, आणि तोंड अखंड चालू. एका दुपारी तो पावाबाहेर चार बोटं लोंबणारं पोर्क कटलेट दोन्ही हातांनी सांभाळत तिच्याजवळ येऊन बसला.

"ड्वेनचे शॉकअप लावलेस म्हणे?"

"हो. का?"

"काही नाही. तू भोळी आहेस एवढंच. अगं, शर्यतीतल्या माणसाला स्वतःचं चांगलं सामान कोण देतं? एच वर्गात आधी पाच जण होते. गेले सगळे. कुणामुळे गेले?" त्याने बोटावरचा मोहरीचा सॉस चाटला. "माझ्याकडे त्या आखूड स्प्रिंगा आहेत, हव्या असतील तर."

नदीनने स्प्रिंगा घेतल्या नाहीत, कारण तिचा गिलवरही विश्वास नव्हता. पण त्याचं बोलणं मात्र तिने घरी नेलं.

मोसमातला शेवटचा रविवार उजाडला. सकाळी सगळे चालक शंकूंमधून पायी फिरून रस्ता पाठ करतात, तसे ते गेले. नदीन मागे राहिली. इकडे तिकडे बघून ती ड्वेनच्या करड्या गाडीपाशी वाकली आणि टायर आणि वरचं मडगार्ड यांच्या फटीत तिने बोटं घातली. अडीच बोटं. मग धावत जाऊन आपल्या गाडीच्या फटीत घातली. चार बोटं. पुन्हा त्याची, अडीच. मागची, तीही अडीच.

हरामखोर! मला म्हणतो स्प्रिंगला हात लावू नकोस, आणि स्वतःची गाडी आखूड स्प्रिंगांवर बसवलीय!

लॉर्ना बीझली स्पर्धेची प्रमुख होती. नदीनने तक्रारीचा कागद तिच्या टेबलावर आपटला. लॉर्नाने तो दोनदा वाचला.

"ड्वेनवर? नदीन, अगं, तक्रार झाली की गाडी सगळ्यांसमोर उघडावी लागते. नीट विचार केलायस ना?"

"चार महिने केलाय."

"बरं. निदान आजच्या फेऱ्या झाल्यावर उघडू."

"तोवर त्याने बदलून टाकल्या तर? मला आत्ताच बघायचंय."

ड्वेनला बोलावलं. त्याने कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. नदीनला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आत्ताच उघडा," तो म्हणाला. "मनात शंका घेऊन ती चालवेल कशी?"

जॅक लागला, पुढचं चाक निघालं. वीस-पंचवीस माणसं कडं करून उभी. खालचा बोल्ट हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने पार गंजलेला, ड्वेनने पान्यावर सगळं अंग टाकलं तेव्हा तो कट्‌कन मध्येच तुटला. "गेला," ड्वेन हळूच म्हणाला. शेवटी स्प्रिंग आणि शॉकअप अखंडच बाहेर आले.

लॉर्नाने स्प्रिंग चिंधीने पुसली, विजेरी मारली. त्यावर कारखान्यातला रंगाचा ठिपका होता आणि नंबरही.

"मूळची आहे," ती म्हणाली. "दोन लाख मैल खाऊन बसलीय बिचारी, म्हणून गाडी खाली आलीय. यात काही खोटं नाही." मग तिने शॉकअप वर उचलला. तोही कारखान्यातलाच, तेलाने थबथबलेला. तिने दांडा दाबला, तो आत गेला तो वर आलाच नाही. "ड्वेन, हा तर मेलाय! तुझे ते पिवळे कुठे गेले? गेल्या वर्षी आपण दोघांनी मिळून बसवले होते ना?"

ड्वेन चिंधीला हात पुसत राहिला.

कुणीतरी नदीनच्या लाल गाडीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. चाकामागून पिवळा रंग दिसत होता. तोंडात मारल्यासारखी नदीन उभी राहिली. तिचे कान तापले, आणि कानांत आपलाच आवाज ऐकू यायला लागला, चार महिने केलाय, चार महिने केलाय.

म्हणजे हा माणूस उन्हाळाभर मेलेल्या शॉकअपवर, नावेसारखी डोलणारी गाडी घेऊन, तिला अडीच सेकंदांनी हरवत होता.

गर्दी पांगली. लॉर्ना कागद फाडता फाडता म्हणाली, "तुला कुणी सांगितलं नाही का? ते पाच जण मोठ्या गाड्या घेऊन वरच्या वर्गात गेले. चार वर्षं हा एच वर्गात एकटाच पहिला येत होता. यंदा दुसरी गाडी आली नसती तर आम्ही वर्गच बंद करणार होतो."

नदीन ड्वेनच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. तुटलेला बोल्ट त्याच्या तळहातावर होता. त्याच्याशिवाय करडी गाडी आज काही धावणार नव्हती.

"तुम्ही माझी गाडी चालवा," ती म्हणाली. "माझ्यानंतर. एक गाडी दोघांनी चालवलेली चालते की."

"नावनोंदणी सकाळी आठलाच बंद झाली. नियम आहे."

"तुम्ही सांगितलं का नाही, ते तुमचे होते म्हणून?"

"सांगितलं असतं, तर घेतले असतेस?"

नदीनने बोल्ट त्याच्या हातातून घेऊन खिशात टाकला. नसतेच घेतले. उलट आणखी दहा शंका काढल्या असत्या. हे दोघांनाही माहीत होतं. ड्वेन उठला. ज्याची गाडी चालवायची पाळी नसते तो शंकू उचलायला उभा राहतो, तसा तो लाल झेंडा आणि वॉकीटॉकी घेऊन लांबच्या वळणावर जाऊन उभा राहिला.

नदीनने तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन रडक्याच झाल्या. तिसरी मात्र अशी जमली की गाडी आणि तिचे हात एकच झाले. त्रेचाळीस पूर्णांक आठ दशांश सेकंद. एवढं कमी तिला उन्हाळ्यात कधी जमलं नव्हतं. आणि तेवढ्यात लाउडस्पीकरवर लॉर्नाचा आवाज आला, "लांबच्या वळणावरून कळतंय, एकसष्ट नंबरच्या नदीनच्या गाडीने एक शंकू पाडला. दोन सेकंद."

त्या वळणावर ड्वेन होता.

फळ्यावर निकाल लागला. एच वर्ग, पहिली, नदीन प्रूइट. त्याखालची ओळ कोरी. एवढ्या वर्षांनी आलेला पहिला नंबर, आणि ती त्याकडे अशी बघत होती जसं दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून हातात यावं.

गिल धापा टाकत आला. "मी तिथेच उभा होतो गं, शंकू जरा हलला असेल, पडला नाही! म्हातारा सूड उगवतोय. जा, भांड जाऊन. तुझ्या बाजूने मी बोलतो."

"ड्वेनने सांगितलं ना, पडला?"

"हो, पण..."

"मग पडलाय." तिने खिशातून तो तुटका बोल्ट काढला आणि गिलच्या हातात ठेवला. "या मापाचा बोल्ट तुझ्या दुकानात असेल. चल."

"रविवार आहे बाई. दुकान बंद आहे."

"मग उघड," नदीन म्हणाली.