हानलेच्या वाटेवरचं शिंगरू

लडाखला जाऊन वीरेंद्रनं काय बघितलं असं कुणी विचारलं असतं, तर त्रिशलानं सांगितलं असतं, स्वतःचं थोबाड. गावाजवळचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडल्यापासून मोबाइल त्याच्या तोंडासमोरून हलला नव्हता. डोंगर, तळी, मठ सगळे पाठीमागं; पुढं हा. गाडीच्या काचेवर 'निपाणी टू लडाख' असं हातभर लिहून घेतलेलं, आणि निपाणीच्या तंबाखू पेठेतला एकूण एक माणूस आपले व्हिडिओ बघायला टपून बसलाय अशी त्याची ठाम समजूत. त्रिशलाला त्या मोबाइलचा वीट आला होता, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचाही.

हानलेकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती वाळू आणि खडे. मधूनच चिमटीत मावेल एवढं गवत. झाड औषधालाही नाही. हवा इतकी विरळ, की गाडीत बसल्या बसल्या नऊ वर्षांच्या सौम्याला धाप लागत होती. अशा जागी कुणी जगतं तरी कसं, असं त्रिशलाच्या मनात येतंय तोवर पोरगी ओरडली, "पप्पा, घोडी!"

घोडी नव्हती ती. तिकडची रानगाढवं, कियांग म्हणतात त्यांना. तांबूस पाठीचा, पांढऱ्या पोटाचा छोटा कळप, आणि एका मादीच्या पायांत घोटाळणारं काटकुळं शिंगरू. आदल्या रात्री ज्या घरी मुक्काम केला, तिथल्या मावशीनं निघताना मोडक्यातोडक्या हिंदीत हात जोडून सांगितलं होतं, की रस्ता सोडून गाडी खाली घालू नका. ही जनावरं घाबरली की छाती फुटेस्तोवर पळतात, पिल्लू मागं राहतं, आणि आई परतली नाही तर लांडगा त्याला नेतो. वीरेंद्रनं मान डोलावली होती.

आता त्यानं मोबाइल सौम्याच्या हातात कोंबला आणि स्टेअरिंग फिरवलं.

"धर गं नीट! लई भारी येतंय बघ!"

"अहो, त्या बाईनं काय सांगितलं? बारकं पिल्लू हाय त्यात!" त्रिशला ओरडली.

"काय हुत न्हाय. जरा पळतील, दुसरं काय?"

कळप उधळला. वीरेंद्र हॉर्न वाजवत, खिदळत मागं लागला. त्रिशला त्याच्याकडं बघतच राहिली. घरी हाच माणूस पाणी गाळून पितो. ओट्यावर मुंगी दिसली तर कागदावर घेऊन अंगणात सोडतो. बस्तीत, जैन मंदिरात, प्रवचनाला पहिल्या रांगेत बसतो. मग दया काय नाक्यावर जमा करून आला होता? त्याचे हसताना दिसणारे दात बघून तिला शिसारी आली.

कळप टेकाडाकडं वळला आणि शिंगरू भेदरून भलतीकडंच धावलं. वीरेंद्रनं गाडी नेमकी शिंगराच्या मागं घातली. तेव्हा त्रिशलानं हँडब्रेक खेचला. गाडी गर्रकन फिरली, बंद पडली आणि तिची चाकं वाळूत रुतली.

"अक्कल हाय का तुला?"

"हाय म्हणूनच वढला."

धूळ बसली. हाकेच्या अंतरावर शिंगरू उभं होतं. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, तोंडाला फेस आला होता. कळप टेकाडापलीकडं गेला होता. माणसं आणि गाडी इथं आहेत तोवर आई काही परत यायची नाही, हे त्रिशलाला उमगलं. आणि गाडी तर तिनंच रुतवली होती.

ती उतरली. हातानं वाळू उपसली, गाडीतली पायपुसणी चाकांखाली सारली. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. आणि वीरेंद्र? मुलीकडून मोबाइल घेऊन, बिस्किटांचा पुडा फोडून, "ये, ये, च्च च्च" करत तो शिंगराकडं निघाला होता. त्याला आता दया आली होती, आणि तिचंही शूटिंग चाललं होतं. शिंगरू लंगडत मागं मागं सरकत होतं.

त्रिशला चिकोडीच्या शाळेत शिकवायला रोज स्वतः गाडी चालवत जायची. या प्रवासात मात्र, व्हिडिओत बायको चालवताना बरं दिसत नाही म्हणून, नवऱ्यानं तिला स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. तिनं चावी फिरवली, दोनदा गाडी मागंपुढं हिसडली आणि बाहेर काढली. नवऱ्यासाठी थांबली नाही. सरळ रस्त्यावर गेली आणि बरीच पुढं जाऊन उभी राहिली. शिव्या देत, गुडघ्यांवर हात टेकत वीरेंद्र मागून आला. तिनं मागच्या सीटकडं बोट केलं. भांडायला दम नव्हता, म्हणून तो गुमान बसला.

टेकाडावर एक मादी दिसली. एकटीच. दोन पावलं खाली आली, थबकली, गाडीकडं बघत उभी राहिली. खाली शिंगरानं मान वर केली. त्रिशलानं इंजिन बंद केलं.

"आई आलीया," वीरेंद्र कुजबुजला. मोबाइल पुन्हा वर झाला होता. "जरा जवळ घे गाडी. शेवट लई भारी हुईल."

"घे की गं मम्मी," सौम्या पुढं वाकून म्हणाली. "हितनं नीट दिसत न्हाय."

नवऱ्याची किळस त्रिशलानं इतकी वर्षं गिळली होती. पोरीची कशी गिळायची हे तिला कळेना. मादी उतरते का ते तिलाही बघायचं होतं, त्या दोघांहून जास्त. तिनं गाडी सुरू केली आणि आरशात न बघता हानलेकडं पळवली.