एका जोडीचे दोन खडे

आईने जायच्या आधी कानातले मोडून त्यातले दोन जांभळे खडे दोन्ही लेकींना एकेक वाटून दिले. दोघींनी त्यांच्या अंगठ्या करून घेतल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा भाच्याच्या हळदीत दोघींचे हात शेजारी आले आणि पुष्पाबाईचं डोकं फिरलं. धाकट्या दिपमालाचा खडा पिकल्या जांभळासारखा गर्द, आणि आपला पाणी वाढवलेल्या सरबतासारखा. आईने वाटणीतही धाकटीचंच भलं पाहिलं, असं तिने मांडवात सगळ्या बायकांसमोर ऐकवलं.

दिपमाला तिला तडक धुळ्याच्या सराफाकडे घेऊन गेली. त्याने दोन्ही खडे भिंगाखाली धरले.

"दोन्ही एकाच दगडातले आहेत," तो म्हणाला. "नीलम असता तर रंग उतरला नसता. हा जांभळा स्फटिक आहे. वर्षानुवर्षं ऊन लागलं की फिका पडतो. अक्का, तुम्ही शेतात जाता का?"

निंदणी काय, कापूस वेचणी काय, पुष्पाबाईने अंगठी कधी उतरवलीच नव्हती. तिने बहिणीकडे पाहिलं. "आन तुनी?"

"कपाटात असते. लग्नकार्यात काढते." दिपमालाने आपली अंगठी उचलून पुढे केली. "ही तू घे, अक्का. आईच्या कानात होता तसाच रंग आहे."

"ऱ्हाऊ दे. मनी मनासंगे वावरमा फिरनी शे."

इतकी वर्षं आपल्यासोबत शेतात फिरलेली ती फिकी अंगठी पुष्पाबाईने परत बोटात चढवली. मांडवात आईला बोललेलं आता कोणासमोर मागे घ्यायचं, ते मात्र तिला कळेना.