पाठीवरचे चिमटे

रसेल प्रुइटने गराज सेलमधून, कुणीतरी विकायला काढलेल्या जुन्या सामानातून, दुसरी खुर्ची आणली ती कोल्बीसाठी. लॉस एंजेलिसच्या रसीडा भागात त्याची एक खोली होती आणि तिथल्या टेबलाला आजवर एकच खुर्ची. त्याचं कुणाला काही वाटायचा प्रश्न नव्हता, कारण बघायला येणार कोण? बायको फार वर्षांपूर्वी गेली. म्हणजे मेली नाही, दुसऱ्याकडे गेली. मूलबाळ झालंच नाही. उतारवयात आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, कोल्बी. आणि तो त्याचा जाहिरातीतला मुलगा.

‘थॉर्नबेक अँड सन’ हा पुरुषांच्या कपड्यांचा ब्रँड. थॉर्नबेक नावाचा माणूस कधी जन्माला आला नाही, त्याला मुलगाही झाला नाही. दोन हुशार पोरांनी कॉफी पिता पिता नाव रचलं आणि मग नावाला शोभेल असा बाप भाड्याने आणला. पिकलेली दाढी, रुंद खांदे, डोळ्यांत थोडं दुःख. दुःख रसेल घरूनच घेऊन यायचा, त्याचा वेगळा खर्च कंपनीला पडत नव्हता. दर ऑगस्टमध्ये, बाहेर डांबर वितळत असताना, या बापाने थंडीतल्या जाहिरातीसाठी लोकरीचा कोट घालून पोराला लाकडं फोडायला शिकवायचं, जुन्या ट्रकचं बॉनेट उघडून दाखवायचं. कॅमेरा चालू असला की कोल्बी त्याला ‘डॅड’ म्हणायचा आणि बंद झाला की ‘म्हातारबा’. रसेलला म्हातारबाच जास्त आवडायचं. ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

यंदा शूटिंग संपलं की त्याला रविवारी जेवायला बोलवायचं, असं ठरवूनच रसेल स्टुडिओत आला होता. बसमध्ये वाक्य घोकत आला. ‘काही विशेष नाही, पॉट रोस्ट करतोय, मांसाचा एवढा मोठा तुकडा एकट्याला जास्तच होतो.’ शाळकरी पोरासारखं घोकत होता, लाज वाटत होती तरी घोकत होता.

“हात वर,” येसेनिया म्हणाली. कपडेपट तिच्याकडे. “श्वास आत घे. आता जन्मभर सोडू नकोस.”

तिने कोट मागून खेचला आणि पाठीवर खटाखट चिमटे लावले. नमुन्याचा कोट एकाच मापाचा येतो, अंगावर पोत्यासारखा लोंबतो; मग मागून चिमटे मारून पुढून तो अंगावर घडवल्यासारखा दिसायला लावायचा. समोरून माणूस राजबिंडा, मागून साळिंदर. त्या चिमट्यांमुळे दिवसभर कुठे टेकता येत नाही. बसायचं तर ताठ.

“माझे बाकीचे कपडे कुठे आहेत गं?” रसेलने विचारलं. कोल्बीच्या नावाचा दांडा कपड्यांनी वाकला होता. रसेलच्या नावाला हा एकच कोट.

नमुन्याचे बूट झिजू नयेत म्हणून येसेनिया त्यांच्या तळांना चिकटपट्टी लावत होती. तिने मान वर केली नाही. “टेटला विचार बाबा. माझ्या तोंडून नको.”

टेट म्हणजे दिग्दर्शक. घरातही टोपी घालणारा. तो हात पसरून आला आणि हात तसेच पसरलेले ठेवून उभा राहिला.

“रसेल! काय दिसतोयस लेका! ऐक, यंदाची गोष्ट फार हळवी आहे. मुलगा बापाचा कोट घालून बापाच्या घरी परत येतो.”

“आणि बाप कुठे असतो?”

“भिंतीवर.”

“भिंतीवर काय करतो?”

“फोटोत असतो रे. गेलाय तो.”

“कशाने गेला?”

टेट चपापला. हा प्रश्न कुठल्याच मीटिंगमध्ये निघाला नव्हता. “कशाने म्हणजे… शांतपणे गेला. आपण त्यात शिरत नाही.”

“मी नाही हां मारला, म्हातारबा,” मागून कोल्बी ओरडला. “मी तेव्हा परगावी होतो.”

सगळे हसले. रसेलही हसला. न हसून सांगतो कुणाला?

फोटो लगेच काढला. खिडकीकडे बघायचं, ओठ किंचित उघडे. टेटच्या हाताखालच्या पोरांनी तिथल्या तिथे छापला, फ्रेममध्ये घातला, सेटवरच्या भिंतीवर टांगला आणि काचेवर थोडी धूळही उडवली. आपल्याच फोटोवर धूळ उडवलेली बघायला रसेलला कुणी थांब म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. खाली जेवणाचं टेबल मांडलं होतं. एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर त्याच्यासारखाच दुसरा कोट टाकलेला. टेट त्या कोटाची बाही पुन्हा पुन्हा दुमडत होता, उलगडत होता, लांब जाऊन बघत होता. बाप जिवंत होता तेव्हा त्याच्या बाहीकडे एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

शेवटी मिठी उरली. आठवणीतली. दारात कागदी बर्फ पडतंय, मुलगा निघालाय, बाप त्याला पोटाशी धरतो.

“कोल्बी, पाठीला हात—” टेटने सुरुवात केली.

“माहीत आहे,” कोल्बी म्हणाला.

दर वर्षीचीच गोष्ट. हात पाठीवर टेकला की चिमटे सुटतात आणि पुढून कोट ढेपाळतो. म्हणून हात पूर्ण फिरवायचे, पण तळवा पाठीपासून जरासा वर, हवेत धरायचा. समोरून बघणाऱ्याला वाटतं काळजाला काळीज भिडलं. जाहिरातीखाली लोक लिहितात, हे बघून मी वडिलांना फोन केला. रसेल ते सगळं वाचतो, एकटाच, त्याच एका खुर्चीत बसून.

“मस्त! पॅक अप!” टेट ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. येसेनियाने चिमटे काढताना त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि म्हणाली, “नीट जा.” आवराआवर चालू झाली. फोटो भिंतीवरच राहिला.

कोल्बी त्याला बाहेर, पार्किंगमध्ये सापडला. गाडीच्या किल्ल्या शोधत होता. ऊन मी म्हणत होतं. रसेलच्या अंगात आता त्याचा स्वतःचा शर्ट होता, धुऊन धुऊन पातळ झालेला.

“रविवारी काय करतोस?” रसेलने विचारलं आणि घोकलेलं सगळं विसरला. “म्हणजे मी… खुर्ची आणली आहे.”

“खुर्ची?”

“जेवायला ये म्हणतो. पॉट रोस्ट.”

“अरे वा! नक्की. पत्ता टाक मला,” कोल्बी म्हणाला. या शहरात ‘नक्की’ म्हणजे काय, हे रसेलला ठाऊक होतं, पण पोराचा चेहरा खरोखर उजळला होता. “यार म्हातारबा, पुढच्या वर्षी तू नसणार. विचित्रच वाटेल.”

त्याने हात पसरले आणि रसेलला मिठीत घेतलं. इथे टेट नव्हता, बर्फ नव्हतं. रसेलने डोळे मिटले. गालाला गाल लागला, खांद्याला खांदा लागला. पाठीला काही लागलं नाही.

तो थांबला. शर्टाच्या पाठीवर त्या तळव्याची ऊब येत होती, अगदी जवळून, पण तळवा येत नव्हता. कोल्बीच्या ते लक्षातही नव्हतं. हातच तसे वळले होते त्याचे. ‘अरे, चिमटे नाहीत रे आता,’ असं म्हणावं, असं रसेलच्या ओठांवर आलं. पण हे काय सांगून घ्यायचं असतं? सांगितल्यावर पाठीवर पडलेला हात कुणाचा असतो?

“चल, भेटू,” कोल्बी म्हणाला आणि गाडीत बसला. जाताना हॉर्न वाजवला.

पत्ता रसेलने टाकला नाही. कोल्बीनेही मागितला नाही.

रविवारी त्याने पॉट रोस्ट केला, नेहमीसारखा एकट्याला जास्त झाला. ताट घेऊन तो सवयीने आपल्या खुर्चीकडे वळला, मग थांबला आणि नव्या खुर्चीत जाऊन बसला. बघू तरी, इथे बसणाऱ्याला काय दिसलं असतं. समोर एक रिकामी खुर्ची दिसत होती आणि मागे पिवळी पडलेली भिंत. भिंतीवर काहीच नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

अर्धं जेवण झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण ताठ बसलोय. मग त्याने हळूच, बिचकत, पाठ मागे टेकवली. खुर्ची करकरली, पण तिने त्याला धरलं.