एका शिंगाचा बैल

मी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल बोलतोय. कोकिळाला वाटलं होतं, दोन घरांचे सण वाट्याला आले की लेकीचा आनंद दुप्पट होईल. प्रत्यक्षात लेक दुप्पट सावध झाली. हे कोकिळाच्या आधी मला कळलं, कारण लपायची पाळी माझ्यावर आली.

कोकिळा देऊळगाव राजाची, बौद्ध घरातली. नागपूरला शिकली, तिथेच शेतकऱ्याच्या मुलाशी, दयारामशी, नोंदणीने लग्न केलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. दयारामच्या गावी, जानेफळला, दोघं शाळेत शिकवायला आली. भाड्याच्या खोलीत बुद्धाची तसबीर टांगताना ती म्हणाली होती, इथे बुद्धपौर्णिमेची खीरही होईल आणि पोळ्याची पुरणपोळीही.

मला दयारामच्या वडिलांनी, पंजाबरावांनी, सागाच्या तुकड्यातून घडवून घेतलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं असे बैल सजवून दारोदार नेतात, बाया ओवाळतात, खाऊ देतात. नात उज्ज्वला चार वर्षांची. जेवतानाही तिने माझी दोरी सोडली नाही.

पोळा फुटून बैल घरोघरी परतल्यावर संध्याकाळी पंजाबराव ताट घेऊन आले. मला कुंकू लावलं, नातीलाही लावलं. तेवढ्यात दारात हाक आली. कोकिळाची आई जनकाबाई न कळवता बसने आली होती. धर्म बदलला तेव्हा या बाईने घरचे देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते.

उज्ज्वलाने थुंकी लावून कपाळ पुसलं आणि मला ज्वारीच्या कोठीत कोंबलं. काठावर आपटून माझं शिंग मोडलं.

"काय लपवलं वं माय?" जनकाबाईंनी विचारलं.

काही नाही म्हणत ती आजीच्या मांडीवर बसली. मोठ्याने बुद्धवंदना म्हणू लागली आणि आबांकडे, म्हणजे पंजाबरावांकडे, नजर जाताच मधेच थांबली.

कोठीतून सगळं ऐकू येत होतं. माझी दोरी बाहेर लोंबत राहिली होती, ती पाहून जनकाबाई पंजाबरावांना म्हणाल्या,

"पाहा पाटील, तुमचा बैल कोठीत गेला."

"तुमच्या भेवानं गेला, बाई."

"अन् बुद्धाचं नाव तोंडातच राह्यलं, ते कोनाच्या भेवानं?"

उज्ज्वला रडवेली होऊन म्हणाली, "आई म्हणते, आजीला सांगायचं नाही. आबालाही नाही."

जनकाबाईंची बस यायची वेळ झाली की लेकीचं कपाळ पदराने पुसणारी कोकिळाच होती. सासरे यायचे असले की वंदना नको म्हणणारीही तीच. पुरणपोळ्या झाकलेल्याच राहिल्या.

सकाळी कोकिळाने मला कोठीतून काढलं. दयाराम शिंग चिकटवायला बसला, तर नको म्हणाली. आई आणि सासरे दोघांना समोर बसवून तिने माझी दोरी लेकीच्या हाती दिली.

"आई, मामाजी, आजपासून या घरात काहीच लपवायचं नाही. तसबीर भिंतीवर राहील, बैल फळीवर. कुंकवाचं उज्ज्वला मोठी झाली की ठरवेल. तोवर तिच्या कपाळाला कुणी हात लावायचा नाही. लावायला नाही अन् पुसायलाही नाही. मीसुद्धा नाही. राग आला तर माझ्यावर काढा."

कुणी हो म्हणालं नाही. उठूनही कुणी गेलं नाही. उज्ज्वलाने आधी आजीकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि दोघांच्या देखत दोरी ओढली.

ते शिंग अजून तसंच मोडलेलं आहे. मला त्याचं दुःख नाही. मागणं एवढंच, लेकराच्या हाती मला द्याल तेव्हा उजेडात द्या.